‘पांढरीवर सापडलेली खापरे’ : पांढर, पांढरी आणि पांढरा

एका वाचकाने विचारले आहे की, महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील) वसाहतींवरचे पुस्तक वाचताना ‘गावालगतच्या पांढरीवर काळ्या नक्षीची तांबडी खापरे मिळाली’ अशा धर्तीचे वाक्य आढळले. येथे ‘पांढरी’ हे विशेषण असेल, तर त्याचे विशेष्य कोठे आहे? की हा मुद्रणदोष असून तेथे ‘पांढऱ्या टेकडीवर’ असे हवे होते?

वाक्य निर्दोष आहे आणि त्यातला ‘पांढरी’ हा शब्द विशेषण नाही. ‘पांढर’ हे मराठीतले जुने स्त्रीलिंगी नाम आहे. गावाची वस्ती ज्या जमिनीवर आहे, किंवा पूर्वी कधी होती, ती जमीन म्हणजे पांढर. भिंत–भिंतीवर, विहीर–विहिरीवर, तसे पांढर–पांढरीवर. याच अर्थाने ‘पांढरी’ असे ईकारान्त नामही चालते आणि त्याचे सामान्यरूपही तेच राहते. विशेषण असते तर सामान्यरूपात ते ‘पांढऱ्या’ झाले असते. म्हणून ‘पांढऱ्या टेकडीवर’ म्हणजे रंगाने पांढरट असलेल्या टेकडीवर, आणि ‘पांढरीच्या टेकडीवर’ म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकडीवर. मुद्रिते तपासताना दुसऱ्याचे पहिले करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण त्या दुरुस्तीने वाक्यातला पुरावाच नाहीसा होतो.

रंगाशी या नामाचा संबंध अर्थातच आहे. संस्कृत ‘पाण्डर’, ‘पाण्डुर’ यांचे मूळ अर्थ फिकट, पिवळसर पांढरे असे आहेत, आणि जुन्या वस्तीची माती नेमकी त्याच रंगाची, राखेच्या छटेची असते. दुधासारखी पांढरी ती कधीच नसते. देशावरच्या शेतकऱ्याने गावाची जमीन दोन रंगांत वाटून घेतली : पिकाची ती काळी आणि राहण्याची ती पांढरी. यातली ‘काळी’ आजही ‘काळी आई’ म्हणून सर्वांच्या तोंडी आहे. पांढरी मात्र कागदोपत्री रूढ झालेल्या ‘गावठाणा’मुळे मागे पडली. पूर्वी तिचा विस्तार मोठा होता. पांढर म्हणजे वस्तीची जमीन, मग त्या जमिनीवर राहणारा सगळा गाव, असा अर्थ पुढे सरकला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्या लोकांवरील करालाही ‘पांढरी’ असेच नाव होते आणि इंग्रजी अमलातही तो कर बराच काळ त्याच नावाने चालू राहिला.

आता जमीन पांढरी का होते, हे पाहिल्याशिवाय पुरातत्त्वाच्या पुस्तकांतील या शब्दाचे वजन कळणार नाही. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे मातीच्या भिंतीचे घर तिच्यावर नीट टिकत नाही. म्हणून वस्तीसाठी शक्यतो उंचवट्याची, फिक्या मातीची जागा पाहिली जाई. पण एवढ्यावर भागत नाही, कारण वस्ती स्वतःच जमिनीचा रंग बदलते. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, कुजलेला भुसा, जमिनीला दिलेला चुना, हाडे आणि सर्वांत अधिक म्हणजे पडलेल्या भिंतींची माती असे सारे एकावर एक साचत जाते. पडक्या घराचा ढिगारा सपाट करून त्यावरच नवे घर उभे राहते आणि काही शतकांत गाव आपल्याच मातीवर पुरुषभर उंच चढते.

गोदावरीकाठच्या माझ्या आजोळी घराला माळवद होते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर मातीचा नवा थर द्यावा लागे आणि त्यासाठी पाटी घेऊन पांढरीवर जावे लागे. आजी बजावून सांगे, “पांढरीतली आण, रानातली नको, काळी तडकते अन् घर गळतं.” ती माती हाताला पिठासारखी लागायची आणि ओली झाली तरी काळ्या मातीसारखी पायाला गोळा धरून चिकटत नसे. पाटी पालथी केली की तिच्यातून खापराचे तुकडे निघत, कधी शंखाच्या बांगडीचा कोर, एकदा भाजक्या मातीचा सुपारीएवढा मणी निघाला होता. तो मणी आम्ही गोट्यांत घातला आणि हरवला, याचे मला आज वाईट वाटते. मराठवाड्यातल्या गढ्यांच्या जाड भिंती ज्या पांढऱ्या मातीच्या आहेत, त्या मातीतही अशी खापरे चिणलेली दिसतात. जुनी वस्ती खणून नवी उभारल्याची ती खूण आहे.

डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी प्रवरेकाठी जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये आणि नेवासे येथे १९५४–५६ मध्ये उत्खनन केले आणि घोडनदीच्या काठचे इनामगाव १९६८ पासून १९८३ पर्यंत खणले. त्यांतून महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांचे जीवन प्रकाशात आले. इनामगावची वस्ती सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदली. अशा स्थळांविषयी मराठीत लिहिताना अभ्यासकांना नवा शब्द घडवावा लागला नाही, कारण तो गावात तयारच होता. मला या शब्दाचे अप्रूप वाटते ते यासाठीच. ज्या माणसाने उत्खननाचा खड्डा कधी पाहिला नाही, त्याच्या भाषेने ‘येथे माणसे राहिली होती’ हे निदान मातीच्या रंगावरून आधीच करून ठेवले होते.

इतर भाषांतील शब्दांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. ‘मोहेंजोदडो’मधला सिंधी ‘दडो’, गुजराती ‘टिंबो’, हिंदी ‘टीला’, पश्चिम आशियातील स्थळांच्या नावांत येणारा अरबी ‘तल’ हे सारे शब्द उंचवट्याचे, म्हणजे आकाराचे आहेत. ‘पांढर’ आकार सांगत नाही, माती सांगते. त्यामुळे नांगरून सपाट झालेली, टेकाडाचे नावही न उरलेली जागासुद्धा पांढरच राहते. उंचवटा असेल तर ‘पांढरीचे टेकाड’ किंवा ‘पांढरीची टेकडी’ म्हणावे. मराठी पुस्तकांत अलीकडे ‘टीला’ येऊ लागला आहे. तो मला अनावश्यक वाटतो, आणि ‘पुरातत्त्वीय टेकडी’ तर त्याहून अनावश्यक.

दोन शेजारचे शब्दही लक्षात घ्यावेत. पांढर नांदती असू शकते आणि ओसही. गाव उठून गेले की ते ‘बेचिराख’ होते. चिराग म्हणजे दिवा, तो जिथे लागत नाही ते बेचिराख. महसुली भाषेत हा शब्द निव्वळ ‘वस्ती नसलेले’ एवढ्याच अर्थाने येतो, जाळपोळीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ताम्रपाषाणयुगातील काशाच्या चार मोठ्या प्रतिमा १९७४ मध्ये जिथे एका शेतकऱ्याला योगायोगाने मिळाल्या, ते प्रवरेकाठचे दायमाबाद असेच ओस गाव आहे. विदर्भात उजाड गावाला ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ म्हणतात आणि कित्येक मौजांच्या नावांपुढे तो शब्द अजून लागलेला असतो. बेचिराख आणि रीठ ही गावाची अवस्था झाली; पांढर ही त्याखालची जमीन.

एक सावधगिरी मात्र हवी. दिसायला पांढरी असलेली प्रत्येक माती पांढर नव्हे. चुनखडीची, खारवट किंवा शाडूची जमीनही फिकी असते. तिच्यात राख नसते, खापर नसते, आणि तिथे ‘पांढऱ्या मातीत’ असेच लिहावे लागेल. उलट पांढरीची माती उत्तम खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली जाते आणि अनेक स्थळांचे वरचे थर असेच पिकांखाली गेले आहेत. अशा ठिकाणचे वर्णन करताना ‘पांढऱ्या मातीचा उपसा’ म्हटले तर ती खाणकामाची नोंद वाटते. ‘पांढरीचा उपसा’ म्हटले की काय गेले ते वाचकाला कळते.

तेव्हा संपादकांना माझी सूचना अशी, की शब्द जसा आहे तसा ठेवावा, पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘जुन्या वस्तीची जमीन’ एवढा खुलासा द्यावा, आणि ग्रंथाच्या शेवटच्या सूचीत ‘पांढर (स्त्री.)’ अशी स्वतंत्र नोंद करून ती ‘पांढऱ्या रंगाची मृद्भांडी’ या नोंदीत मिसळू देऊ नये.