माइंडफुलनेसने शाळकरी मुलांचा ताण खरंच कमी होतो का? वर्गात ते कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुख्याध्यापकांनी परिपाठानंतर रोज दहा मिनिटं सहावी-सातवीला माइंडफुलनेस (म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) घ्यायला सांगितलंय, घटक चाचणी आली की निम्म्या वर्गाच्या पोटात दुखतं, आणि तुम्हाला स्वतःला यातलं फारसं काही माहीत नाही. मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतो. सहा वर्षांपूर्वी हे काम असंच माझ्याही गळ्यात पडलं होतं, म्हणून लिहितोय.

आधी माझी फजिती. पहिल्या दिवशी मी फर्मान सोडलं: ताठ बसा, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जमलं की! प्रत्यक्षात मी 'हाताची घडी, तोंडावर बोट'च नव्या नावाने चालवत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा डोळे टक्क उघडे ठेवून, बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. मी त्याला दोनदा दटावलं. मधल्या सुट्टीत तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, श्वासाकडं बघितलं की मला दम लागतो." त्याला दमा होता, दप्तरात पंप असायचा. ज्या पोराला श्वास अडकायचीच धास्ती, त्याला मी रोज श्वासावर बसवायला निघालो होतो.

तेव्हापासून माझ्या वर्गात श्वासाची सक्ती नाही, डोळे मिटायचीही नाही. कुणी जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे लक्ष देतं, कुणी आवाजांकडे. ज्याला नकोच असेल त्याने वहीत चित्र काढत गप्प बसावं. मन भटकणारच. भटकलंय हे लक्षात आलं की परत आणायचं, एवढाच सराव. हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा, नाहीतर 'माझं मन लागत नाही' म्हणून हुशार मुलं इथेही नापास झाल्यासारखी तोंडं करतात.

सगळ्यात जास्त चाललं ते आमच्या घरातल्या काशाच्या वाटीमुळे. तळपायाला तेल चोळायची असते ना, तीच. तळहातावर मोकळी तोलायची, चमच्याने एकदा वाजवायची, आणि नाद संपला असं ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा. खिडकीकडच्या रांगेतले हात आधी वर येतात, कारण बाहेर रस्ता आहे. शेवटी एखादी तरी असतेच, "सर, अजून येतोय!" म्हणणारी. तिच्याशी वाद घालू नका. नाद विरल्यावर मी विचारतो, आणखी काय ऐकू आलं? पिठाची गिरणी, एसटीचा हॉर्न, शेजारच्या वर्गातले पाढे. एकदा एकाने सांगितलं, "माझ्या पोटातला आवाज." तो डबा न आणता आला होता, हे मला तेव्हा कळलं. हे सगळं चार मिनिटांत उरकतं. सुरुवातीला तेवढंच पुरे, दहा मिनिटांचा हट्ट नको.

दुसरा प्रयोग नाडीचा. मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्यायला आणि सोडायला सांगा. श्वास आत घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना मंदावतात, आणि मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा ठळक असतो. सगळ्यांना सापडत नाही, पण ज्यांना सापडतो ती पोरं शेजाऱ्याचं मनगट ओढून दाखवतात. मग गरम चहावर मारतो तशी लांब फुंकर कशासाठी, हे समजावत बसावं लागत नाही. प्रश्नपत्रिका हातात आली की तीन फुंकरा, मग पहिला प्रश्न. दमेवाल्या मुलालाही हे जमलं. त्यात श्वास बघत बसायचं नव्हतं, नुसती फुंकर मारायची होती.

मनुका हातात घेऊन त्याचा रंग, वास, चव न्याहाळायचा एक प्रसिद्ध प्रकार आहे. मी शेंगदाणे वाटले. मी तोंड उघडायच्या आत फस्त झाले.

आता तुमचा मूळ प्रश्न. यात नवं काही नाही. आपल्या राज्यातल्या शाळांसाठी आनापानाचा, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचा, 'मित्र उपक्रम' आहे, आणि दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 साली आलेल्या 'हॅपिनेस' अभ्यासक्रमातही ध्यान होतं. पण गुण किती येतो? ब्रिटनमध्ये याची मोठी चाचणी झाली: 85 शाळा, आठ हजारांवर मुलं, सुरुवातीला वयं साधारण 11 ते 13. निकाल 2022 साली आले. सरसकट सगळ्या वर्गाला माइंडफुलनेस शिकवल्याने मुलांची मनःस्थिती नेहमीच्या जीवनकौशल्यांच्या तासांपेक्षा काही सुधारली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. गंमत म्हणजे थोडा फायदा दिसला तो शिक्षकांना, त्यांचा थकवा काही काळ कमी झाला. माझा अनुभव याच्याशी जुळतो. निम्म्या वर्गाला ही चार मिनिटं म्हणजे नुसता विरंगुळा. पाच-सहा मुलांना मात्र हाताशी काहीतरी लागतं आणि ती ते परीक्षेत वापरतात. आणि मी स्वतः पहिल्या तासाला कमी खेकसतो, हे आमच्या शिपाईमामांचं निरीक्षण आहे.

त्यामुळे मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा, की चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत चालू ठेवून वर फुंकरा मारायला लावण्यात अर्थ नाही. आमच्याकडे ते वाचन बंद करायला दोन वर्षं लागली. पोटदुखीच्या तक्रारी खऱ्या कमी झाल्या त्या त्यानंतर.

एखाद्या मुलाची झोप, जेवण, बोलणं दोन-तीन आठवडे बिघडलेलं दिसलं, तर मात्र वाटी-बिटी बाजूला ठेवा आणि पालकांशी बोला. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तोही पालकांना सांगून ठेवा.

आणि हो, काशाची वाटी मिळाली नाही तर पितळी ताटली घ्या, देव्हाऱ्यातली घंटा घ्या, पण शाळेची घंटा घेऊ नका. मी एकदा घेतली आणि चौथीचा अख्खा वर्ग दप्तरं पाठीला लावून फाटकापर्यंत पोचला होता.