कामगारांचे प्रश्न : 'सिंगल ओटी' घेऊन सही केली, आता हक्क संपला का?

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ठेकेदारामार्फत प्रेस शॉपमध्ये काम करतो. हजेरी ६०० रुपये आहे. आठवड्याचे सहा दिवस सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी पाळी असून मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी मिळते. आठ तासांचे ६०० आणि वरच्या चार तासांचे ३०० असे दिवसाला ९०० रुपये हातात पडतात. डबल ओटी, म्हणजे जादा तासांचे (ओव्हरटाइमचे) दुप्पट दराने पैसे, मागितली, तर ठेकेदार म्हणतो की सिंगल रेटवरच ठरले होते आणि दरमहा व्हाउचरवर तुमच्या सह्या आहेत. पगारपावतीवर हे पैसे 'प्रोत्साहन भत्ता' म्हणून दाखवतात. कंपनीचे एचआर म्हणते, तुम्ही आमचे कामगारच नाही. मी काय करावे?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ठेकेदाराच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक कामगार तिथेच माघार घेतात. जादा कामाचा दुप्पट दर हा ठेकेदाराने मेहेरबानीने द्यायचा किंवा घासाघीस करून ठरवायचा दर नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ नुसार दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम केलेल्या कामगाराला त्या अधिक वेळेसाठी दुप्पट दराने वेतन द्यावे लागत असे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनेही दर दुपटीपेक्षा कमी असू नये असेच म्हटले आहे. वेतनाचा हक्क सोडून देणारा करार जुन्या वेतन प्रदान कायद्यातही निरर्थक होता आणि नव्या संहितेतही निरर्थक आहे. त्यामुळे व्हाउचरवरील सहीने तेवढी रक्कम तुम्हाला मिळाली एवढेच सिद्ध होते. उरलेली रक्कम तुम्ही माफ केली, असे तिच्यावरून ठरत नाही.

आता हिशेब पाहू. ६०० रुपये भागिले आठ म्हणजे तासाला ७५ रुपये आणि दुप्पट दराने १५० रुपये. जेवणाची सुट्टी वगळता तुम्ही दिवसाला साडेअकरा, म्हणजे आठवड्याला ६९ तास काम करता. त्यातून ४८ वजा केले की २१ तास जादा उरतात. देय रक्कम ३,६०० अधिक ३,१५० अशी ६,७५० रुपये होते आणि तुम्हाला ५,४०० रुपये मिळतात. फरक आठवड्याला १,३५० रुपयांचा आहे. ठेकेदार जेवणाचा अर्धा तासही सिंगल दराने मोजून देतो, ही बाब अर्जात लपवू नका. समोरचा वकील ती काढणारच, आणि ती धरूनही फरक एवढा मोठा राहतो. मात्र जेवणाच्या वेळी प्रेस चालूच ठेवावा लागत असेल, तर ती सुट्टी कामाच्या तासांतून वजा होऊ नये, असे स्पष्टपणे मांडा.

पगारपावतीवर ओटीला 'प्रोत्साहन भत्ता' म्हणण्याची चाल जुनीच आहे. अशा पावत्या फाडून न टाकता जपून ठेवाव्यात, कारण ज्या महिन्यात पाळ्या अधिक त्याच महिन्यात 'प्रोत्साहन' अधिक, हे सहा-सात पावत्या शेजारी ठेवल्या की आपोआप दिसते. त्यांच्या जोडीला पंचिंगच्या नोंदी, गेटवरील रजिस्टर, कॅन्टीनची कुपने, कंपनीच्या बसची वेळ आणि 'आज रिलीव्हर नाही, कुणी निघायचे नाही' असे सुपरवायझरचे व्हॉट्सॲप संदेश ठेवा. आजपासून साध्या वहीत तारीख, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ लिहू लागा. वेतन कमी दिल्याचा दावा दाखल झाल्यावर ते पूर्ण दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेच्या कलम ५९ ने मालकावर टाकली आहे. पण जादा तास काम केले हे प्रथमदर्शनी तरी तुम्हाला दाखवावे लागेल.

कंपनीचा हात झटकण्याचा पवित्रा टिकणारा नाही. ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले, तर मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, ते द्यावे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती. म्हणून अर्जात ठेकेदार आणि कंपनी या दोघांनाही प्रतिवादी करा.

दावा करण्याची मुदत वेतन संहितेने तीन वर्षे केली आहे. पूर्वीच्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिने होती, त्यामुळे संहिता लागू होण्यापूर्वीच्या थकबाकीवर मुदतीचा आक्षेप येईल असे गृहीत धरा आणि विलंबाचे कारण अर्जातच लिहा. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सक्षम प्राधिकारी कोण याची चौकशी करून तिथे अर्ज द्यावा. अनेक कामगारांना मिळून एकच अर्ज करता येतो, तसेच कामगार संघटनाही तो करू शकते. एकट्याने नाव पुढे केले की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होण्याची भीती खरी असते, म्हणून पाळीतले दहाजण एकत्र येत असतील तर आठवडाभर थांबणे शहाणपणाचे. प्राधिकारी थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो; मात्र ती कमाल मर्यादा आहे, तेवढे मिळेलच असे धरून कर्ज काढू नये.

ऑर्डर कमी आहेत, कंपनी अडचणीत आहे, हे कारण तुम्हाला ऐकवले जाईल. गुजरात सरकारने करोनाकाळात कारखान्यांना बारा तासांच्या पाळीची आणि जादा तासांना साध्याच दराने पैसे देण्याची मुभा दिली होती. गुजरात मजदूर सभेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी त्या अधिसूचना रद्द केल्या आणि त्या काळातील जादा कामाचे पैसे कारखाने कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे देण्याचा आदेश दिला. महासाथीत जी सबब चालली नाही, ती ऑर्डर घटल्याच्या नावाने चालणे अवघड आहे.

प्रश्न : मी भिवंडीतील एका गोदामात 'टीम लीडर' आहे. मला मॅनेजमेंट स्टाफ म्हणतात आणि ओटी देत नाहीत. प्रत्यक्षात मी इतरांसारखीच खोकी मोजते, स्कॅन करते आणि गाडी भरून घेते.
– एक वाचक, कल्याण

उत्तर : पदनामाला फार अर्थ नाही. प्रत्यक्षात मुख्यत्वे कोणते काम केले जाते यावर ओटीला पात्र कामगार की व्यवस्थापक हा दर्जा ठरतो, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. रजा मंजूर करणे, कामावर घेणे किंवा काढणे, ठपका ठेवणे यांपैकी कोणताही अधिकार तुम्हाला आहे का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल, तर नेमणूकपत्रातील शब्दाला घाबरू नका. एका पाळीत हातातला स्कॅनर किती वेळा चालला, त्याची नोंद यंत्रणेत तुमच्या नावाने असते. तीच तुमची सर्वांत भक्कम साक्ष होय.

प्रश्न : रविवारी कारखान्यात बोलावतात आणि 'बदली सुट्टी देऊ, मग ओटी कशाला' म्हणतात. हे योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीच्या बदल्यात सुट्टी मिळते. आठवड्याचे तास ४८ च्या वर गेले असतील, तर त्या तासांचे दुप्पट वेतन त्याशिवाय देय असते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार जादा कामासाठी कामगाराची संमतीही लागते, तेव्हा रविवारचा निरोप तोंडी न घेता लेखी मागावा.