गरिबी कमी करायला इंजिनिअर, डॉक्टर, समाजकार्यवाले एकत्र आले तर खरंच काही होतं का?

तुम्ही इंजिनिअरिंगला आहात, आणि मेडिकल व समाजकार्याच्या मुलांना घेऊन सोलापुरातल्या विडी कामगार बायकांसाठी काहीतरी करायचंय, असं प्रश्नात लिहिलंय. होतं, नक्की होतं. पण आधी तुमचं आपसात भांडण व्हायला हवं. सगळे एकमेकांना ‘छान कल्पना’ म्हणत असतील तर काही खरं नाही.

विडीचंच घ्या. बाई घरात जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मजुरी दर हजार विड्यांमागे. पानं खराब लागली तर कमी पडलेली पानं पदरच्या पैशांनी आणायची, आणि तपासताना विड्या छाट, म्हणजे नापास, झाल्या तर त्यांची मजुरी गेली. डॉक्टरला यात तंबाखूची धूळ, खोकला आणि पाठ दिसते. वकिलाला ओळखपत्र आणि प्रॉव्हिडंट फंड दिसतो, कारण १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार धरलं. इंजिनिअरला विडी वळायचं मशीन सुचतं. मशीन चाललं तर पहिली बेकार तीच बाई होणार, हे सांगायला गटात युनियनचा माणूस लागतो.

खरी ठिणगी पुढेच पडते. डॉक्टरच्या दृष्टीने विडी बंदच व्हायला हवी, आणि त्याचं चूक नाही. एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापायचा नियम आला तो त्याच विचारातून. पण विडी थांबली तर आठवड्याचा पगार थांबतो. गंमत म्हणजे भारताने २००४ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या १७ व्या कलमातच तंबाखूवर जगणाऱ्यांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळावा म्हणून मदत करा, असं म्हटलंय. म्हणजे डॉक्टर आणि युनियनवाला एकाच कागदावर बोट ठेवू शकतात. हे कलम मात्र कुणी फारसं काढत नाही.

दुसरं काम म्हटलं की आपल्याकडे शिलाई मशीन वाटायचं. शिवलेलं विकत कोण घेणार, हे बघायला कॉमर्सवाला नसतो. विडीचं काम वाईट आहे, पण ते घरात बसून होतं, पोरांकडे बघता येतं आणि पैसे वेळेवर हातात पडतात. नव्या कामात या तीन गोष्टी नसतील तर बाई महिन्याभरात परत सुपाकडे जाते.

घरांच्या बाबतीत सोलापूरनं करून दाखवलंय. कामगार नेते कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ मध्ये तिचं उद्घाटन झालं. मग ३०,००० घरांचं रे नगर. त्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. कामगारांची संघटना, सहकारी संस्था, सरकारी योजना आणि बांधकामवाले यातलं एक जरी गळालं असतं तर हे उभं राहिलं नसतं. बसची सोय, शाळा, दवाखाना, काम हा पुढचा हिशोब. तो आर्किटेक्टच्या नकाशात मावत नाही.

आणि गटात वेगवेगळे ‘विषय’ हवेत म्हणजे वेगवेगळ्या डिग्र्या हव्यात असं धरू नका. जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास झाला तो डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरामुळे. शर्मांचं शालेय शिक्षण जेमतेम होतं. उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं, ही गरज ओळखून त्यांनी रबराचं पाऊल बनवलं, त्यात टायरच्या दुकानदाराचाही हात होता.

तुमच्या गटात म्हणूनच एक विडी वळणारी बाई पहिल्या दिवसापासून घ्या, आणि बैठकीला आल्यावर तिच्या जेवढ्या विड्या बुडतील तेवढी मजुरी द्या. प्रोजेक्टच्या खर्चात ती ओळ आधी लिहा, प्रोटोटाइप नंतर. सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, तेव्हा तेलुगू येणारं कुणीतरी हवंच. तुमच्या वर्गात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाची दोन-तीन पोरं असतीलच की, त्यांना विचारा.