ह्युंदाईची आय ट्वेंटी एन लाइन (आय ट्वेंटीचं स्पोर्टी व्हर्जन) घेऊ की मारुतीची बलेनो? पुण्यात रोजचं ऑफिस, बऱ्याचदा मागे आई-बाबा
आई-बाबा नेहमी मागे बसणार असतील तर सरळ बलेनो घे. एन लाइनचं १.० टर्बो इंजिन, १२० पीएस ताकदीचं, एक्सप्रेसवेवर ओव्हरटेक करताना जाम भारी वाटतं हे खरंय, पण तिचं सस्पेन्शन साध्या आय ट्वेंटीपेक्षा कडक ठेवलंय त्यामुळे सिंहगड रोडचे खड्डे आणि ते रंबलर (वेग कमी करायला रस्त्यावर केलेल्या छोट्या उंचवट्यांच्या पट्ट्या) मागच्या सीटवर थेट कंबरेला जाणवतात. बलेनोचं १.२ इंजिन ९० पीएसचं, शहरात पुरून उरतं. हां, बहुतेक वेळा एकटाच चालवणार आणि वीकेंडला ताम्हिणी घाट असेल तर मात्र एन लाइनच, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि वळणावर गाडी मस्त चिकटून राहते. टेस्ट ड्राइव्हला आईला मागे बसव आणि शोरूमवाल्याला सांग गुळगुळीत रोड नको, खराब रस्त्यावरून घेऊया.