लडाखच्या मारखा व्हॅली ट्रेकला एकटा निघालास तर

कळसूबाई तू दोन तासांत मारतोस, मान्य. पण ती १,६४६ मीटर. लेहला विमानातून उतरतोस तेच ३,२५० च्या वर, हवा विरळ. पहिले दोन दिवस गुपचूप लोळून काढ. मी दुसऱ्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढलो आणि रात्रभर डोकं धरून बसलो. ३,००० च्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नकोस. हंकार गावाहून थेट निमालिंगच्या मुक्कामाला म्हणजे आठेकशे मीटर, म्हणून मध्ये थाचुंगत्सेला थांब. तिथे गाव नाही, तंबू हवा. खाली होमस्टेत जेवण मिळतं, उगाच मॅगीची पोती वाहू नकोस. डोकं ठणकत असेल तर निमालिंगच्या पुढची ‘कोंगमारू ला’ ही खिंड विसर, खाली उतर. परतीचं तिकीट दोन दिवस उशिराचंच काढ.