गोड बोलू नकोस, त्याचा वेळ वाचव

प्रश्न : ताई, पर्वरीच्या एका कंपनीत मी टेस्टर आहे. आम्ही हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. कळंगुटच्या एका हॉटेलात ते सध्या चाचणीसाठी चालू आहे, आणि चवथीआधी रिलीज आहे. तिथल्या नोंदी पाहताना चेक-इनची तारीख कधी कधी एक दिवस मागची पडलेली दिसली, म्हणून मी बग टाकला, म्हणजे त्या बिघाडाचं तिकीट नोंदवलं. सीनियर डेव्हलपरने ‘माझ्या मशीनवर बरोबर चालतं’ असं लिहून तो बंद केला. मी पुन्हा उघडला, त्याने पुन्हा बंद केला. सकाळच्या मीटिंगमध्ये मी उदाहरणं दाखवली. रात्री पावणेएक, दोन आणि पहाटे चार ही तिन्ही चेक-इन चुकलेली. सहाचं मात्र बरोबर. त्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुका दुसरें काम ना?” सगळे हसले. मैत्रीण सांगते, तिकीट टाकूच नकोस, चहा पिताना गोडीत सांग. तसं करू का?
— टेस्टर, पर्वरी

उत्तर : आधी बग बघू, मग माणूस.

तू दिलेल्या वेळा मी कागदावर मांडल्या. चुकलेली सगळी चेक-इन मध्यरात्रीनंतरची आणि साडेपाचच्या आतली. आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असतं. सर्व्हर यूटीसीवर असेल, आणि बहुतेक असतातच, तर आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. प्रोग्रॅमने तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून उचलली की पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक पाहुणा काल आलेला ठरतो. त्याच्या लॅपटॉपवर भारतीय वेळ आहे, त्यामुळे त्याच्या मशीनवर खरंच सगळं बरोबर चालतं. तो खोटं बोलत नाही आणि तूही नाहीस. पैज लावणार नाही, पण सर्व्हरवर किती वाजलेत हे त्याला विचार. ते बघायला एक कमांड पुरते.

आता तुझं तिकीट. ‘चेक-इनची तारीख कधी कधी चुकते’ या वाक्यातले ‘कधी कधी’ हे दोन शब्द वाचले की डेव्हलपर हातातलं काम सोडत नाही. त्या दोन शब्दांत त्याची अख्खी दुपार जाणार हे त्याला ठाऊक असतं. हे लिही : ‘रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळेतल्या चेक-इनला आदल्या दिवसाची तारीख लागते. ५.३० नंतर बरोबर. हॉटेलच्या सर्व्हरवर दिसतं, लॅपटॉपवर दिसत नाही. तीन नोंदींचे क्रमांक आणि लॉग सोबत.’ एवढं वाचून तो उत्तर शोधायला बसत नाही, त्याला ते समोरच दिसतं.

खाली परिणामही लिही, कारण ऑफिसात नऊ ते सहा बसणाऱ्याला पहाटे दोनचं चेक-इन म्हणजे अपवाद वाटतो. गोव्यातल्या हॉटेलवाल्याला तो रोजचा आहे. मोपाला विमान रात्री उतरतं, मग टॅक्सी, मग कळंगुट. तारीख मागे गेली की पाहुण्याच्या बिलात एक रात्र जास्त धरली जाते. पाहुणा परदेशी असला तर आणखी भानगड : त्याच्या आगमनाची माहिती हॉटेलला चोवीस तासांत सरकारकडे द्यावी लागते, हॉटेलवाले ज्याला सी-फॉर्म म्हणत आलेत. तिथे चुकीची तारीख गेली तर रिसेप्शनवरच्या मुलाला जाब द्यावा लागतो, आपल्याला नाही.

डेव्हलपरशी जमवून घ्यायचं तर हसून बोल, वाढदिवसाला केक आण, असं लोक सांगतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. पुण्यात टेस्टिंगमध्ये होते तेव्हा ज्या डेव्हलपरशी माझं उत्तम जमलं, त्याच्याशी मी कामाबाहेरचं जेमतेम बोलले असेन. माझं तिकीट उघडलं की आपला वेळ फुकट जात नाही, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

चहाचं म्हणशील तर चहा जरूर पी, पण तिकीट टाकायचं सोडू नकोस. आधी त्याच्या टेबलापाशी जा, दोन मिनिटांत दाखव, आणि मग नोंद कर. म्हणजे मॅनेजरसमोरच्या यादीत त्याला अचानक काही दिसत नाही, आणि झालेलं बोलणं हवेतही विरत नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९च्या सप्टेंबरमध्ये मंगळाजवळ हरवलं. एका टीमचं सॉफ्टवेअर इंजिनाच्या जोराचे आकडे पाउंडात देत होतं, दुसऱ्या टीमने ते न्यूटन या एककातले समजून वापरले. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मार्ग मोजणाऱ्यांपैकी काहींना आकड्यांतली गडबड आधीच जाणवली होती, त्यांनी ती बोलूनही दाखवली होती, फक्त रीतसर फॉर्म भरून नोंदवली नाही म्हणून ती बाजूला पडली. फॉर्म मागणारेही काही शहाणे नव्हेत, पण तो विषय वेगळा.

पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याला, आणखी एक करून बघ. कोड लिहायच्या आधी अर्धा तास त्याच्याजवळ बसायला माग. तिथे चूक कोणाचीच नसते, कारण अजून काही लिहिलेलंच नसतं. फक्त प्रश्न विचार : पासपोर्टवर एकच नाव असेल तर? रोमन लिपीत डिसोझा लिहिताना मधे अपॉस्ट्रॉफी येते, ती टाकली तर पाहुणा शोधात सापडतो का? न टाकता? गोव्यात चालायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पहिलं आडनाव डिसोझाच टाकीन. त्या एका चिन्हाने भल्याभल्यांचे डेटाबेस कोलमडले आहेत. बाहेरून आलेल्या डेव्हलपरला हे सुचणार नाही, तुला सुचेल.

आणि ते “तुका दुसरें काम ना?” ते मी सोडून देणार नाही. बग सुटला की एकट्यात गाठ आणि सरळ सांग : बगवर हवा तेवढा वाद घाला, माझ्या कामावर चारचौघांत असं बोलू नका. पुन्हा झालं तर लीडकडे जा. तिकीट कितीही चांगलं लिहिलंस तरी उर्मटपणा तेवढ्याने जात नाही.

प्रश्न : मी डेव्हलपर. आमची टेस्टर प्रत्येक बग ‘क्रिटिकल’ म्हणून टाकते. बटणाचा रंग चुकला तरी क्रिटिकल, ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले तरी क्रिटिकल. तीही रिलीजच्या आदल्या संध्याकाळी. काय करावं?
— वेर्णा

उत्तर : तुमच्या तिकिटात बहुधा एकच रकाना असेल. दोन करा. बिघाड किती मोठा हे टेस्टरने ठरवायचं, आणि कधी दुरुस्त करायचा हे ज्याच्या हातात उत्पादन आहे त्याने. पहिल्या पानावर ग्राहकाच्या कंपनीचं नाव चुकीचं छापलं गेलं तर बिघाड किरकोळ, पण दुरुस्ती आजच. मार्चअखेरीला एकदाच लागणारा अहवाल जूनमध्ये क्रॅश होतो, तर बिघाड मोठा, पण थांबू शकतो. दोन्ही एकाच शब्दात कोंबलं की तिकीट मागे पडू नये म्हणून माणूस सगळीकडे ‘क्रिटिकल’ लिहितो. ‘मागीर पळोवया’ (नंतर बघू) म्हणून तुम्ही तिची किती तिकिटं ठेवून दिलीत, तेही एकदा मोजा.

आदल्या संध्याकाळचं मात्र तुमच्याकडे येतं. बिल्ड, म्हणजे तपासायला तयार झालेलं सॉफ्टवेअर, तिच्या हाती कधी पडतं? आणि देताना काय सांगता? ‘सगळं टेस्ट कर’ असं सांगितलं तर ती सगळीकडे वरवर फिरणार आणि तिला बटणाचे रंगच दिसणार. कुठे हात लावलात, आणि त्यातली कोणती जागा तुम्हाला स्वतःला धड वाटत नाही, एवढ्या दोन ओळी लिहून द्या. चांगली टेस्टर थेट तिथे जाते. कच्ची जागा दाखवायला डेव्हलपर लाजतात, हे मला कधी समजलं नाही. ती नाही तर ग्राहक शोधणारच आहे.

प्रश्न : महिन्यात सर्वांत जास्त बग शोधणाऱ्या टेस्टरला बक्षीस द्यायचा विचार आहे. रक्कम किती ठेवावी?
— मॅनेजर, मडगाव

उत्तर : शून्य. बक्षीस लागलं की एका बगची पाच तिकिटं होतात, आणि आपल्या नावावर आकडा चढू नये म्हणून डेव्हलपर प्रत्येक तिकिटावर ‘हा बगच नव्हे’ म्हणून भांडत बसतो. पैसे बाजूला काढलेच असतील तर एक टेस्टर आणि एक डेव्हलपर अशी जोडी ग्राहकाच्या दुकानात पाठवा, गर्दीच्या वेळी, आणि दिवसभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसू द्या. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च कंपनीने करायचा.