मे महिन्यात पाणी कोण घालणार?

पोरी,

निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात शाळेच्या परसबागेचा ठराव मांडतेस, वाचून बरं वाटलं. ग्रामसेवक असताना मीही अशी एक बाग उभी केली होती. कुंपण झालं, वांगी-मेथी लागली, फोटो वर गेले. मे महिन्यात शाळेला कुलूप. जूनमध्ये जाऊन बघतो तर नुसत्या काड्या! पैसा पुरला होता. सुट्टीत पाणी कोण घालणार, हे मात्र मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आपल्या पांझरा नदीकाठची फडपद्धत आठव, बंधाऱ्याखालची शेती फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटून सगळ्यांनी मिळून भिजवायची रीत. कोणत्या फडात यंदा कोणतं पीक, हे शेतकरी बसून ठरवत. पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने, म्हणजे पाणी वाटायला नेमलेल्या माणसानेच. शेतं वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणून टंचाईची झळ एकट्यादुकट्याला बसत नसे.

तुझ्या हातात तर कायदाही आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. शेती, गौण वनोपज, रेशन त्यातच. गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात येतं, म्हणून आदिवासी विकासाच्या निधीतला ५ टक्के वाटाही थेट पंचायतीकडे येतो. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताट मिळतं. एकदा तिथे जाऊन जेव. भाजी कुठून आली विचार. तालुक्याच्या बाजारातून येत असेल, तर आपल्या बचत गटाकडून का नको, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घे.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती वहीतच होते (माझ्याही वहीत झाली आहे, लपवत नाही). तू खरीच घे. निंदणीच्या दिवसांत सकाळी कोण येणार? संध्याकाळी, पाड्यावर जा. म्हाताऱ्या आधी म्हणतील, "आमले कोन इचारस?" तू घाई करू नकोस. कोणती रानभाजी कोणत्या नाल्याला उगवते आणि कधी खुडायची, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक?

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला २००४ पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. तिथलं जंगल राखण्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि जो तो स्पर्धेचं बोलू लागला. त्या लोकांनी आधी वर्षानुवर्षं जंगल राखलं, तोडणाऱ्याला दंड केला, ते जाऊन बघ.

तुझा ठराव एक सभा थांबव. मोटारीचं वीजबिल कोण भरणार आणि मे महिन्यात पाण्याची पाळी कुणाची, ती नावं त्यात घाल. भरताच्या वांग्याचं बी मी वाळवून ठेवलंय. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
काका